कमलताई आणि आमची लाइन

मोबाइलवर ‘कमलताई’ असं नाव उमटलं तेव्हा कारखान्यात आमची सकाळची मीटिंग चालू होती. ताई कामाच्या वेळात कधी फोन करायच्या नाहीत, म्हणून मी उठून दाराशी गेले आणि ‘बोला ताई’ म्हटलं. पलीकडून आवाज आला तो त्यांच्या मुलीचा, मेधाचा. “वंदनामावशी… आई गेली. पहाटे, झोपेतच.” मेधा पुढे बरंच काही सांगत होती, कधी नेणार, कोण कोण निघालंय… मी नुसती ‘हो, हो’ म्हणत राहिले. टेबलाशी परत आले तेव्हा सगळी नवी मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती. कमलताई पगारे हे नाव त्यांच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. फक्त शबानानं, जी आज आमच्या असेंब्लीची प्रमुख आहे, माझा चेहरा बघून हळूच विचारलं, “टेलिफोनवाल्या बाई?” मी मान हलवली. तिनं हातातला ट्रे खाली ठेवला, डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि भिंतीकडे बघत उभी राहिली. त्यानंतर त्या दिवशी मीटिंग काही झाली नाही.

या गोष्टीला आता काही आठवडे होऊन गेले. ताईंचं नाव कुठल्या पाटीवर नव्हतं, त्यांनी पुस्तक लिहिलं नाही की सभा गाजवल्या नाहीत. अलीकडे नाशिकच्या गंगापूर रोडवरून जाताना कोटातले हसरे चेहरे दिसतात होर्डिंगवर, बिझनेस कोच म्हणून. उद्योजकांच्या बैठकीत चहाचा कप हातात घेऊन एखादा तरुण मला विचारतो, “मॅडम, याचा खरंच उपयोग होतो का हो? की नुसतीच बडबड?” मी दरवेळी म्हणायचे, “माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांना विचारून सांगते.” आता विचारायची सोय राहिली नाही. म्हणून जे माझ्यासमोर घडलं तेवढं सांगते. उपयोग झाला की नाही हे वाचणाऱ्यानं आपलं आपण ठरवावं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना. सातपूरच्या एका मोठ्या कंपनीला इलेक्ट्रिक स्विचचे भाग जोडून द्यायचे, हे काम. मालक चांदवडकर साहेब स्वतः एके काळी लेथवर उभे राहिलेले. मी मखमलाबादकडच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातली, आयटीआय करून असेंब्लीच्या बाकावर लागले आणि हळूहळू त्याच लाइनची सुपरवायझर झाले. माझ्या हाताखाली सगळ्या मुली. सकाळी सगळ्यांच्या आधी मी हजर, संध्याकाळी सगळ्यांच्या शेवटी मी बाहेर. कुणाचा स्क्रू बसत नसला तर मी बसवायचे, कुणाची स्प्रिंग उडाली तर मी शोधायचे. आणि एवढं करूनही मोठ्या कंपनीतून लॉटमागून लॉट परत येत होते. एके दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. “वंदना, बाहेरून एक माणूस आणावा म्हणतोय. तुझ्या वर. तू परत बाकावर बसलीस तरी पगार तोच राहील.” पगाराचा प्रश्नच नव्हता. घरी इंदिरानगरला जाईपर्यंत मला स्कूटरवर समोरचं नीट दिसत नव्हतं.

तो माणूस लगेच मिळाला नाही, एवढंच माझं नशीब. मधल्या काळात साहेब कुठूनसं ऐकून आले की मोठ्या कंपनीत अधिकाऱ्यांसाठी मुंबईहून कोच येतो, तो एकेकाला बंद खोलीत घेऊन बसतो आणि माणसं सुधारतात. मुंबईचा कोच आणायची आमची ऐपत नव्हती. तेव्हा साहेबांच्या मेहुण्यांनी कमलताईंचं नाव सुचवलं. ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी गेटजवळच होते. सिटी बसमधून उतरून पायी आलेल्या, कांजी केलेली सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, वय पन्नाशीच्या पुढचं. वॉचमननं अडवलं. “कोच? कुठली कोच बाई, कबड्डीची का?”

“तसंच समजा,” ताई म्हणाल्या. “दम धरायला शिकवते.”

ताईंची नोकरी टेलिफोन खात्यातली. ज्या काळात मुंबईला बोलायचं तर ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट बघावी लागे, त्या काळातल्या त्या ऑपरेटर. कानाला हेडफोन, समोर फोन जोडायच्या दोऱ्यांचा बोर्ड. पुढे सुपरवायझर झाल्या, नव्या मुलींना तयार करायचं काम त्यांच्याकडे आलं. मग एसटीडी आलं. लोक आपला नंबर आपण फिरवू लागले आणि बोर्ड ओस पडला. ताईंनी वेळेआधीच निवृत्ती घेतली, पुण्याला शनिवार-रविवार जाऊन समुपदेशनाचा एक अभ्यासक्रम केला आणि आधी एका हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरच्या मुलींना, मग दुकानांना, मग आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांना ‘कोचिंग’ देऊ लागल्या. हे सगळं मला पुढे कळलं. त्या दिवशी मला एवढंच वाटलं, की मला काढायच्या आधी साहेबांनी ही एक औपचारिकता ठेवली आहे.

आम्ही पॅकिंगच्या खोलीत बसायचो, खोक्यांच्या थप्प्यांमध्ये. खोलीला लाइनकडे उघडणारी काचेची खिडकी होती. पहिल्या गुरुवारी मी जे सुरू झाले ते थांबलेच नाही. मुली कशा लक्ष देत नाहीत, स्प्रिंगांचा माल कसा वाईट येतो, साहेबांना कसं काही दिसत नाही… ताई मध्ये एकदाही ‘अच्छा’ म्हणाल्या नाहीत की मान डोलावली नाही. फक्त ऐकत होत्या. असं ऐकणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आपण बोलतोय आणि समोरचा आपल्या बोलण्यात आपलं बोलणं घुसवायची संधी शोधत नाहीये, याची मला सवयच नव्हती. बोलून बोलून मी दमले तेव्हा त्यांनी विचारलं, “तुम्ही रजेवर गेलात की लाइनवर काय होतं?”

“बंद पडते,” मी म्हटलं. जरा अभिमानानंच म्हटलं असेन.

“त्याचा तुम्हाला आनंद होतो?”

मला राग आला. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि उत्तर सापडेना. खिडकीपलीकडे प्रेसचा ठक-ठक आवाज चालू होता… आपल्याकडे कुणी प्रश्न विचारला आणि समोरचा गप्प बसला की विचारणाराच घाईघाईनं स्वतः उत्तर देऊन टाकतो. ताई देत नसत. त्या गप्प बसायच्या, आणि त्या गप्प बसण्यात अवघडलेपण नसायचं. दूरच्या गावाचा नंबर लागायची वाट पाहावी तशा त्या माझ्या उत्तराची वाट पाहायच्या. त्या गुरुवारी उत्तर आलं नाही. “असू दे,” म्हणून त्या उठल्या आणि बस गाठायला निघून गेल्या.

असे काही गुरुवार गेले. मग एकदा भर शिफ्टमध्ये त्यांनी मला खोलीत बसवलं आणि म्हणाल्या, “आज काहीही झालं तरी जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाहेर जायचं नाही.” थोड्याच वेळात लाइन थांबली. प्रेसचा आवाज बंद झाला. काचेतून दिसत होतं, मुली माना वळवून मला शोधताहेत. मी उठले.

“बसा,” ताई म्हणाल्या.

“अहो, स्प्रिंग उलटी लागतेय, मला इथून दिसतंय…”

“त्यांनाही दिसेल. बसा.”

मी बसले खरी, पण माझे हात चुळबुळ करत होते. बाहेर कुजबुज सुरू झाली. एक-दोघींनी काचेशी येऊन आत डोकावलं. ताईंनी त्यांना हात हलवून हसून दाखवलं, जणू आम्ही गप्पाच मारतोय. मग जवळच्या वडाळ्याहून येणारी शबाना, तेव्हा नवीनच होती, बाकावरून उठली, प्रेसपाशी गेली, तिनं दोघीतिघींना गोळा केलं. त्या कितीतरी वेळ वाकून काहीबाही करत होत्या. आधी चुकलं असावं, कारण आवाज सुरू होऊन पुन्हा थांबला. पुन्हा वाकल्या. आणि मग ठक-ठक सुरू झालं ते चालूच राहिलं.

मला आनंद व्हायला हवा होता. मला रडू आलं. एवढ्या वर्षांत मी ज्या गोष्टीसाठी रक्त आटवलं ती माझ्याशिवाय होऊ शकते, हे माझ्याच डोळ्यांसमोर झालं होतं. मी पदरानं डोळे पुसत म्हटलं, “मग मी इथे कशाला आहे?”

ताईंनी तेव्हा पहिल्यांदा स्वतःबद्दल सांगितलं. “आमचा बोर्ड बंद झाला ना, त्या दिवशी मी पण अशीच रडले होते. सगळ्या गावाचं बोलणं माझ्या हातातून जायचं गं… मग एका सकाळी कुणालाच माझी गरज नव्हती. घरी बसून फार दिवस मी चिडत होते त्या यंत्रावर. मग वाटलं, दोऱ्या गेल्या, पण ऐकायचं तर मला येतंय की.” एवढं बोलून त्यांनी पिशवीतून रुमाल काढून दिला. “मग तू इथे कशाला आहेस, याचं उत्तर घाईनं देऊ नकोस. पुढच्या गुरुवारी सांग.” त्या मला ‘तू’ म्हणाल्या हे त्या गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

पुढचं वर्ष चांगलं गेलं. मी सकाळी मुलींना कामं वाटून न देता आज कुठे अडणार असं वाटतंय हे विचारू लागले. आधी कुणी बोलत नसे. मी दम धरायचे. मग बोलू लागल्या. कुणी म्हणाली खिडकीचं ऊन डोळ्यावर येतं म्हणून स्प्रिंग उलटी लागते, कुणी म्हणाली दोन स्क्रू दिसायला सारखेच आहेत. लॉट परत येणं कमी झालं. बाहेरून माणूस आणायची गोष्ट साहेबांनी पुन्हा काढली नाही. पण सगळ्यांचंच असं झालं, असं मी म्हणणार नाही. आमचे परचेसचे कुलथे वर्षभर ताईंसमोर बसले, दर गुरुवारी नवी इस्त्री करून बसले, आणि होते तसेच राहिले. ताईच हसून म्हणायच्या, “काही नंबर कितीदाही लावा, लागत नाहीत. त्यात नंबरचाही दोष नसतो.”

आणि मग आहेरांचं झालं. प्रकाश आहेर हे आमचे टूलरूमचे फोरमन, देवळ्याकडचे. साहेबांचा उजवा हात. त्यांच्या हातचा डाय, म्हणजे प्रेसचा साचा, कधी बिघडत नसे, पण माणूस अलीकडे गप्प झालेला, कामगारांवर खेकसायचा. साहेबांनी मोठ्या आशेनं त्यांना ताईंकडे पाठवलं. पाच-सहा महिन्यांनी आहेर साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि राजीनामा ठेवून आले. जेवणाच्या सुट्टीत मला भेटले तेव्हा कितीतरी दिवसांनी हसत होते. “वंदनाताई, मी लय दिवस स्वतःलाच सांगत होतो का मला हितंच राहायचंय. त्या बाईनी इचारलं, सकाळी उठल्यावर पहिला विचार कशाचा येतो? म्हटलं, गावाचा. मग म्हने, हे आणखी कोनाला सांगितलं का? नाय सांगितलं. बायकोलाबी नाय. आता सांगितलं… आता नाय थांबवत.” गावी ट्रॅक्टरची अवजारं दुरुस्त करायचा वर्कशॉप काढायचा त्यांचा विचार होता.

साहेब असे भडकलेले मी कधी पाहिले नव्हते. त्यांनी ताईंना बोलावलं, मलाही बसवून घेतलं. “बाई, मी तुम्हाला माणसाचं काम सुधारायला आणलं होतं. तुम्ही माझा माणूसच घालवलात!”

ताई शांत होत्या. “खरं आहे. तुमचं नुकसान झालंय.”

“मग हे काय कोचिंग म्हणायचं? वर्षभरात मला मिळालं काय, ते सांगा. वंदनाची लाइन सुधारली, तीही तुमच्यामुळेच ना?”

आता ताई ‘हो’ म्हणतील असं मला वाटलं. मी मनातल्या मनात त्यांना सांगत होते, म्हणा, हो म्हणा. पण त्या म्हणाल्या, “ते मला छातीठोकपणे सांगता येणार नाही, साहेब. याच वर्षी तुम्ही नवी प्रेस आणलीत. स्प्रिंगवाला बदललात. मुलीही मन लावून काम करतायत. त्यात माझा वाटा किती, हे मोजायचं माप माझ्याकडे नाही. आहेर राहिले असते तर कदाचित मी त्याचंही श्रेय घेतलं असतं… ते बरोबर झालं नसतं.”

साहेबांना भांडायला समोर माणूसच नव्हता. पुढच्या गुरुवारपासून ताईंचं येणं बंद झालं.

पॅकिंगच्या खोलीत मग पुन्हा खोकी रचली गेली. गुरुवारी सकाळी माझे पाय आपोआप तिकडे वळायचे. महिनाभर तरी वळत होते. शेवटी एका रविवारी मी पत्ता शोधत ‘उपनगर’ नावाच्या वस्तीत त्यांच्या घरी गेले. ताईंनी दार उघडलं आणि ‘कशी आहेस’ वगैरे काही न विचारता म्हणाल्या, “पोहे खाशील?” तेव्हापासून आमचं कोचिंग संपलं आणि मैत्री सुरू झाली. पण बोलायची रीत तीच राहिली. माझ्या मुलानं दहावीनंतर शास्त्र शाखा सोडायचं ठरवलं तेव्हा, सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा, साहेबांनी मला प्रॉडक्शन मॅनेजर केलं आणि माझी भीतीनं झोप उडाली तेव्हा, प्रत्येक वेळी मी ताईंच्या गॅलरीत जाऊन बसायचे. ताईंनी मला कधी सल्ला दिला नाही. कधीकधी मी चिडायचे, “अहो सांगा ना, मी काय करू!” त्या म्हणायच्या, “मला काय माहीत? तुझा कारखाना, तुझी सासू.” आणि चहा ओतायच्या.

त्यांना स्वतःलाही शंका होती, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. एकदा म्हणाल्या, “आहेरांना मी तो प्रश्न विचारायला नको होता का गं? त्यांच्या बायकोला आता नाशिकची शाळा सोडून मुलं गावी न्यावी लागली. मी काही त्यांच्या घरात राहत नाही… प्रश्न विचारणाऱ्याला भोगावं लागत नाही.” काही वर्षांनी मी एका लग्नाला देवळ्याला गेले होते, तेव्हा आवर्जून आहेरांचा वर्कशॉप पाहून आले. कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग होती, आहेर तेलकट हातांनी कुणाशी तरी मोठमोठ्यानं हसत होते. त्यांची बायको मात्र मला म्हणाली, “यांचं बरं चाललंय. मला अजून नाशिक आठवतं.” मी हे दोन्ही जसंच्या तसं ताईंना सांगितलं. त्यांनी दोन कपांत चहा ओतला. मग म्हणाल्या, “दोन्ही सांगितलंस ते बरं केलंस.”

आणि चांदवडकर साहेब? त्यांनी त्या दिवसाबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही. पण त्यांची मुलगी पदवी घेऊन कारखान्यात आली, पहिल्याच वर्षी कामगारांशी तिचं बिनसलं, तेव्हा साहेब एका दुपारी माझ्या टेबलाशी आले आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “त्या बाई अजून घेतात का गं कुणाला? हिला एकदा घेऊन जा. मी पाठवलंय म्हणू नकोस.” मी तिला घेऊन गेले. ताईंनी काही विचारलं नाही. मुलीच्या आडनावावरून त्यांना कळलंच असणार.

शेवटच्या तीन-चार वर्षांत ताईंचं ऐकू येणं कमी झालं. डावा कान पार गेला. इतकी वर्षं हेडफोन दाबून बसलेला तो कान. ऐकण्यावर ज्यांचं सगळं उभं होतं त्यांच्यावर ही वेळ यावी याचं मला फार वाईट वाटायचं, पण त्या स्वतः हसायच्या. “आता तुम्हाला मोठ्यानं बोलावं लागतं, त्यामुळे तुम्ही कामाचं तेवढंच बोलता.” ते खरंच होतं. गॅलरीत त्यांच्या उजवीकडे बसून ओरडून सांगायचं, खालून भाजीवाला वर बघायचा, शेजारच्या काकू खिडकीत यायच्या, आणि ‘साहेबांची मुलगी मला मानत नाही’ हे वाक्य मोठ्यानं, सुटं सुटं म्हणताना मलाच ते किती क्षुल्लक आहे ते कळायचं. शेवटची भेट दिवाळीनंतरची. मी माझं रडगाणं सुरू केलं आणि मध्येच थांबून म्हटलं, “जाऊ द्या ताई, आज तुम्ही बोला. तुम्हाला काय वाटतंय?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न त्यांना कुणी तरी बऱ्याच दिवसांनी विचारला असावा. उत्तर लगेच आलं नाही. मीही ते त्यांच्या वतीनं दिलं नाही. खूप वेळानं म्हणाल्या, “एकटं वाटतं गं कधी कधी. पण तुम्ही सगळे येता…” अंधारायला लागलं होतं. मी निघाले तेव्हा त्या जिन्यापर्यंत आल्या.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी, शबाना आणि साहेबांची मुलगी उपनगरला गेलो. मेधानं गॅलरीचं दार उघडं ठेवलं होतं. आमच्याआधी बरीच माणसं आलेली होती, ओळखीची, अनोळखी. कुणी हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरची, कुणी कापडाच्या दुकानाचे मालक, इस्त्रीचा शर्ट घातलेले आमचे कुलथेसुद्धा. ताईंची वेताची खुर्ची मधोमध होती, तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. आणि सगळी माणसं त्या खुर्चीच्या उजव्या बाजूला दाटीवाटीनं बसली होती, कुणी स्टुलावर, कुणी कठड्याला टेकून, कुणी जमिनीवर. डाव्या बाजूला दोन खुर्च्या आणि एक अख्खी सतरंजी मोकळी होती. मेधा मला म्हणाली, “मावशी, तिकडे जागा आहे ना, बस की.” मी जाऊन बसले. समोरच्या निलगिरीवर पाखरांचा गलका चालला होता. थोडा वेळ मी तिथे बसून राहिले… पण बोलावंसं वाटेना, आणि आपण बोललेलं इथून ऐकू जाईल असंही वाटेना. मी उठले, आणि उजवीकडे शबानानं सरकून केलेल्या जागेत जाऊन बसले.